पुण्यात नव्याने समाविष्ट झालेल्या गावात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यावा का? महापालिकेच्या निर्णयांचा घरमालकाला खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि कुठे पडतो हे कळायला मला फरकाचं बिल भरावं लागलं.

आमचा वन बीएचके शहरातच आहे. आधी आम्ही तिथे राहायचो, मग आईकडे राहायला गेलो आणि तो भाड्याने दिला. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली, सगळं केलं. फक्त मिळकतकराचा विषय डोक्यातच आला नाही. पुण्यात स्वतः राहत असाल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत मिळते, ती १९७० पासून. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. आम्ही कळवलं नाही, चूक आमचीच. वर्षाला नऊ हजारांच्या आसपास येणारं बिल पंधरावर गेलं, वर मागचा फरक. भाडं ठरवताना हे कुणी धरतच नाही.

या सवलतीचा इतिहासही बघा. लेखापरीक्षणातल्या आक्षेपामुळे राज्य सरकारने ती बंद करायला लावली, आणि २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना थेट पूर्ण आकारणीची बिलं गेली. मग ओरड झाली आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती परत आणली. पण ज्यांची गेली होती त्यांना ती आपोआप मिळाली नाही, पीटी-३ अर्ज भरावा लागला. सोबत सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि तिथे राहत असल्याचा पुरावा. म्हणून जुना फ्लॅट घेत असाल तर शेवटचं बिल नुसतं भरलंय का एवढंच बघू नका, त्यात सवलत धरलीय का तेही बघा. विकणारा स्वतः राहत असेल तर तुम्हाला दाखवलेला आकडा तुमच्यासाठी खोटा आहे. आणि थकबाकी माणसाच्या नाही, मिळकतीच्या मागे असते.

आता तुमच्या गावांकडे येतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३, अशी ३४ गावं हद्दीत आली. ग्रामपंचायतीचा कर किरकोळ होता, महापालिकेचा टप्प्याटप्प्याने चढत गेला आणि लोक म्हणायला लागले, रस्ता नाही, ड्रेनेज नाही, कर कसला घेता? पुढे राज्य सरकारने थकबाकीच्या वसुलीला स्थगिती दिली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं तर बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. बिल्डर स्थगितीलाच ‘इथे टॅक्स कमी आहे’ म्हणून विकतो. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे तो सांगणार नाही. हिशोब पूर्ण दराने मांडा, जमला तरच पुढे जा. त्यात मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासकच होते, त्यामुळे गाऱ्हाणं घालायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

फ्लॅटऐवजी प्लॉटचा विचार असेल तर थोडक्यात: सातबारा पाहून समाधान मानू नका. माझ्या मामांनी मानलं होतं, आणि प्लॉटच्या अर्ध्या भागावरून विकास आराखड्यातला रस्ता गेला. झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवलीय ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्याचा त्या जागेपुरता तुकडा) आधी काढा. जागेवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं आणि अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती संपादित झाली नाही, तर एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस देता येते, त्यानंतर आणखी २४ महिने थांबायचं. मामा आता ७१ वर्षांचे आहेत.

राहिलं पाणी. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळालं म्हणजे नळाला पाणी आलं असं नाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये जातो आणि मेंटेनन्स बहुतेक वेळा मालक भरतो. त्यामुळे नमुना फ्लॅट बघून झाला की खाली वॉचमनशी बोला. मार्चमध्ये अशाच एका सोसायटीत मी गेलो होतो. वॉचमनने टाकीपाशी ठेवलेली टँकरची वही दाखवली, आदल्या दिवशीच्या पानावर चौदा नोंदी. बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘साहेब, लाइन येतेच आहे,’ आणि बोटाने रस्ता दाखवला. तिकडे मला पाइप दिसले नाहीत, पंधरावा टँकर वळताना दिसला.