‘रिप्युडिएट’ म्हणजे नुसते नाकारणे नव्हे

प्रश्न : विमा कंपनीच्या एका पत्रात ‘क्लेम रिप्युडिएटेड’ असे शब्द आढळले. कोशात या क्रियापदाचा अर्थ ‘नाकारणे’ असाच दिला आहे. मग नेहमीचे ‘रिजेक्टेड’ का लिहिले नसावे? दोहोंत काही फरक आहे का?

उत्तर : फरक आहे, आणि विम्याच्या पत्रात तर तो फार महत्त्वाचा ठरतो. अर्ज, हस्तलिखित किंवा सदोष माल पसंत पडला नाही अथवा निकषांत बसला नाही, की तो ‘रिजेक्ट’ होतो. ‘रिप्युडिएट’ करणारा मात्र त्या गोष्टीचे आपल्यावर काही बंधन आहे, हेच मुळात अमान्य करतो. लॅटिनमधील ‘रेपुडियुम’ हा शब्द वाङ्‌निश्चय मोडणे किंवा जोडीदाराचा त्याग करणे या अर्थी वापरला जाई, आणि मानलेले नाते झटकून टाकण्याची ती छटा इंग्रजीत आजही टिकून आहे. कर्जदाराजवळ पैसे नाहीत म्हणून हप्ता थकला, तर त्याला कोणी ‘रिप्युडिएशन’ म्हणणार नाही. पण 1918 साली रशियातील बोल्शेविक सरकारने झारच्या राजवटीची कर्जे आपल्याला बंधनकारकच नाहीत असे जाहीर केले, त्याला हाच शब्द चपखल बसतो.

करारांच्या कायद्यात तर या शब्दाला मोठेच वजन आहे. हॉकस्टर विरुद्ध दे ला तूर हा 1853 चा इंग्लंडमधील निकाल पाहावा. प्रवासात सोबतीला राहण्याची नोकरी 1 जून 1852 पासून सुरू व्हायची होती, परंतु मालकाने मे महिन्यातच ‘आता तुमची गरज नाही’ असे कळवले. तेव्हा कामाचा दिवस उजाडण्याची वाट न पाहता भरपाईचा दावा लावता येतो, असे न्यायालयाने ठरवले. मुदतीपूर्वीच करार झिडकारण्याच्या या प्रकाराला ‘अँटिसिपेटरी रिप्युडिएशन’ म्हणतात.

वापराबाबत एक सूचना करावीशी वाटते. ‘रिफ्यूज’प्रमाणे या क्रियापदापुढे ‘टु गो’, ‘टु पे’ अशी जोड देता येत नाही. करार, कर्ज, आरोप, मत असे नामच त्याचे कर्म व्हावे लागते.

तुम्ही वाचलेल्या पत्राचा सरळ अर्थ असा, की पॉलिसीच्या अटी पाहता ही रक्कम देण्याचे दायित्व आपल्यावर येतच नाही, अशी कंपनीची भूमिका आहे. ती कोणत्या अटीच्या आधारे घेतली आहे हे पत्रात आधी शोधावे आणि हरकत घ्यायची झाल्यास नेमक्या त्याच अटीवर घ्यावी.