ग्रंथालयातील डेटाबेसची वापरसुलभता तपासण्यासाठी प्रश्नावली पुरेशी आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापुरातील आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उपलब्ध असलेल्या, संशोधनपर लेख शोधण्याच्या तीन डेटाबेसची वापरसुलभता आपल्याला एम.लिब. या ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच्या लघुप्रबंधासाठी तपासायची आहे, आणि त्याकरिता 200 विद्यार्थ्यांकडून समाधानाविषयीची प्रश्नावली भरून घेण्याचा आपला विचार आहे. तेवढे पुरेसे होईल का? माझ्या मते होणार नाही. याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल असताना मी अशी पाहणी केली होती. भरून आलेल्या प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यातून जे कळले नाही, ते एका विद्यार्थिनीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर कळले.

ती विद्यार्थिनी कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारपेठेवर आधी कोणते संशोधन झाले आहे, हे शोधत होती. तिने शोधचौकटीत मराठीत ‘गूळ’ लिहिले, तेव्हा काहीच आले नाही. मग तोच शब्द रोमन लिपीत लिहिला, तर ‘गुल’ आडनावाच्या लेखकांचे वैद्यकशास्त्रावरील लेख समोर आले. शेवटी तिला ‘जॅगरी’ हा इंग्रजी शब्द आठवला, पण त्यातला एक ‘जी’ राहिला आणि स्पेलिंग चुकले आहे असे त्या डेटाबेसने सुचवले नाही. अकराव्या मिनिटाला ती म्हणाली, “सर, यावर कुणी कामच केलेलं नाही.” योग्य स्पेलिंग टाकून मी शोध घेतला, तेव्हा तिच्या उपयोगाचे कितीतरी लेख निघाले. त्यापूर्वीच तिने प्रश्नावलीत ‘हा डेटाबेस वापरण्यास सोपा आहे’ या विधानापुढे पाचपैकी चार गुण दिलेले होते, आणि तिच्या दृष्टीने त्यात काही चूकही नव्हती.

आयएसओ 9241-11 या आंतरराष्ट्रीय मानकात वापरसुलभतेची तीन अंगे सांगितली आहेत : काम साधले का, ते किती वेळात व किती श्रमात साधले, आणि वापरणाऱ्याचे समाधान झाले का. आपली प्रश्नावली फक्त तिसऱ्या अंगाला स्पर्श करते. पहिल्या दोहोंसाठी प्रत्यक्ष काम देऊन, विद्यार्थ्याला मनातले मोठ्याने बोलायला सांगून, निमूटपणे पाहत बसावे लागते. (यातले निमूटपणे बसणे ग्रंथपालांना सर्वांत अवघड जाते, कारण आमचा हात आपसूक माउसकडे जातो.) कामे ठरवताना पडद्यावरचे शब्द त्यांत येऊ देऊ नका. ‘प्रगत शोध वापरून 2015 नंतरचे लेख गाळून काढा’ असे सांगितले, तर उत्तराचा अर्धा भाग आपणच दिला असे होते. ‘उसाच्या ठिबक सिंचनावर गेल्या दहा वर्षांत झालेले तीन लेख तुमच्या मार्गदर्शकांना दाखवायचे आहेत’ असे सांगावे.

परदेशी अभ्यासांतून घेतलेल्या तपासणीच्या याद्यांमध्ये मराठीची अडचण आढळणार नाही, म्हणून ती येथे सविस्तर सांगतो. शोधगंगेसारख्या प्रबंधसंग्रहात मराठी शीर्षकांचे प्रबंधही आहेत. शीर्षकात ‘कोल्हापुरातील’ असेल आणि विद्यार्थ्याने ‘कोल्हापूर’ लिहिले, तर पू दीर्घ असल्यामुळे अक्षरे जशीच्या तशी जुळवणाऱ्या यंत्रणेला तो वेगळा शब्द वाटतो. ‘कोल्हाप’ एवढे लिहून पुढे तारांकन (*) देता येते, म्हणजे पुढची अक्षरे कोणतीही असली तरी शब्द सापडतो, पण ते किती जणांना सुचेल? ‘ऊस’ आणि ‘उसाचे’ यांत तर पहिलेच अक्षर बदलते, त्यामुळे शब्दाचा शेवट तोडण्याची युक्ती तेथे चालतच नाही. त्यातही ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन प्रकारे टंकित होतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी निराळी असतात. तिन्ही डेटाबेसवर असे आठ-दहा शब्द आपण स्वतः चालवून पाहिलेत, तर लघुप्रबंधाचे एक स्वतंत्र प्रकरण होईल.

आता संख्येविषयी. पाच जणांच्या चाचणीत बहुतांश अडचणी सापडतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सेन यांचे मत आपण वाचले असेल. ते एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना आणि दोष शोधण्याच्या कामाला लागू पडते. टक्केवारी मांडायला किंवा तीन डेटाबेसची तुलना करायला पाच जण पुरत नाहीत. शिवाय पहिल्या डेटाबेसवर झालेला सराव दुसऱ्यावर उपयोगी पडतो, म्हणून क्रम फिरता ठेवावा लागतो. तीन डेटाबेसचे सहा क्रम होतात. तेव्हा 18 किंवा 24 विद्यार्थी घेतल्यास हिशोब नीट बसतो.

प्रश्नावली हवीच असेल, तर जॉन ब्रुक यांची 10 विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभतेची मापनश्रेणी कामे संपल्यानंतर भरून घ्या. तिचा गुणांक 0 ते 100 असला, तरी तो टक्केवारी नव्हे, हे परीक्षक हमखास विचारतात. त्यातील सम क्रमांकाची विधाने नकारार्थी आहेत. मराठी अनुवाद करताना ती चार-पाच विद्यार्थ्यांकडून आधी वाचून घ्यावीत, कारण घाईत वाचणारे तिथे उलटे गुण देतात.

एक गोष्ट आपल्या आराखड्यात मला कोठेच दिसली नाही. पुष्कळसे डेटाबेस महाविद्यालयाच्या आवारातील जोडणी ओळखून आपोआप उघडतात. गगनबावड्याला किंवा आजऱ्याला घरी बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र आधी लॉगिनमधून जावे लागते, आणि तेही बहुधा मोबाइलवर. म्हणून निम्म्या चाचण्या आवाराबाहेर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर घ्या आणि वेळ मोजताना घड्याळ पासवर्ड टाकण्याच्या आधीच सुरू करा.