आजचा दिवस निभावून ने

प्रिय बापू,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी पाहिला. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हाव काकू, हाव काकू' करून मोकळा होतोस आणि ऐकत काहीच नाहीस. म्हणून लिहिते आहे. सवडीनं वाच, पण आधी काहीतरी खाऊन घे.

भरतीच्या यादीत नाव नाही, सोयाबीन नेलं तर भाव पडलेला, घरी बाबांशी वाजलं आणि रात्री मित्राचा वर्दीतला स्टेटस दिसला. एवढं सगळं एकाच दिवशी अंगावर आलं तर कोणाचंही मन बसेल. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि व्यापारी ओल दाखवून त्याच्या कितीतरी खाली बोली लावतो. यात तुझा कमीपणा तो कुठे आला? तरी रात्री बारा वाजता माणूस सगळं स्वतःच्याच खात्यावर मांडतो, हे मला ठाऊक आहे.

मला खटकली ती तुझी शेवटची ओळ. 'काकू, आता काय ते एकदाचं ठरवूनच टाकतो.' अजिबात ठरवायचं नाही. वावर दुसऱ्याला बटईनं द्यायचं की स्वतः करायचं, आणखी एक भरती द्यायची की पुण्याला कंपनीत जायचं, हे प्रश्न खरेच आहेत. त्यांच्यासाठी आपण दोघं एक दिवस कागद-पेन घेऊन बसू. पण उपाशीपोटी, जागरण झालेल्या डोक्यानं त्यांना हात लावायचा नाही. वाईट दिवशी कामं दोनच. देहाची हेळसांड होऊ द्यायची नाही आणि मोठं काही ठरवायचं नाही.

देहापासून सुरुवात करते, कारण नोकरीभर मी तेच पाहिलं. 'सिस्टर, छातीत धडधड करते, हातपाय गळाले, जीव घाबरा होते' म्हणत तुझ्याच वयाची पोरं उपकेंद्रात यायची. नाडी आणि बीपी पाहता पाहता मी विचारायची, सकाळपासून पोटात काय गेलं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असायचं, चहा. आणि चहाच्या जोडीला तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्ऱ्याचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. तंबाखूतलं निकोटिन नाडी वाढवतं आणि भूक मारतं. तोंडात असतो तोवर बरं वाटतं. त्याचा अंमल उतरला की चिडचिड सुरू होते, मन एका जागी ठरत नाही, आणि आपल्याला वाटतं हा आपल्या काळजीचाच त्रास आहे. मग दुसरी पुडी. दिवस आधीच वाईट, त्यात ही धडधड आपणच विकत घ्यायची! कायमचा सोड हे मी तुला वेगळं सांगेनच (सांगतच आले आहे, तू ऐकत नाहीस). निदान वाईट दिवशी टपरीच्या वाटेनं जाऊ नकोस. दारूचंही तेच. ती घेऊन झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि पहाटे तीनला जाग आलेल्या माणसाला जगात एकही चांगली गोष्ट दिसत नाही.

म्हणून जेव. भूक नसली तरी अर्धी भाकर, वाटीभर वरण, जवसाची चटणी, कांदा. तेही जमत नसेल तर ताकात भात कालवून खा. पाण्याचा तांब्या जवळ ठेव. वेचणीच्या दिवसांत ऊन मे महिन्यासारखं नसतं, त्यामुळे पाण्याची आठवण राहत नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की आपण त्याला टेन्शन म्हणतो. मग आंघोळ कर. आंघोळीला काय लागतं असं तुला वाटेल, पण मन बसलेला माणूस सगळ्यात आधी आंघोळ आणि दाढीच सोडतो. कपडे बदल. आरशात पाहिलं नाहीस तरी चालेल.

सकाळी उन्हं कोवळी असताना पांदणीनं वावरापर्यंत पायी जाऊन ये, गाडी काढू नकोस. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की रात्रीची झोप वेळेवर येते. ओलिताची लाईन रात्रीची असेल तर झोपेचं तसंही वाटोळं होतंच. अशा वेळी दुपारी तीनच्या आत अर्धा तास आडवा हो, त्याहून जास्त नको. आणि ज्या दिवशी मन थाऱ्यावर नाही त्या रात्री मोटारीवर एकट्यानं जाऊ नकोस, भावाला सोबत ने. ओल्या हातानं स्टार्टर दाबायला एक क्षणाची बेसावधी पुरते.

फवारणीचं तर नावच काढू नकोस. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. ध्यान नसलेला माणूस वाऱ्याच्या तोंडावर फवारतो, तोंडाला बांधायचं विसरतो, हात न धुता खर्रा मळतो. त्या दिवशी पंप खाली ठेव. एका दिवसानं पीक जात नाही. आणि एक काम आजच कर. घरात उरलेले औषधाचे डबे असतील ते वावरातल्या कोठीत ने, कुलूप लाव आणि किल्ली आईजवळ दे. कारण तुला कळतं. अंधारी घटका येते तशी जातेही, फक्त ती जाईपर्यंत हाताशी काही असू नये. मी हे प्रत्येक घरी सांगत आले, तुझ्यावर संशय आहे म्हणून नव्हे.

छातीत धडधड सुरू झालीच तर ओसरीवर बस, चार मोजत श्वास घे आणि सहा मोजत सोड. सोडायचा श्वास लांब ठेवला की नाडी मंदावते. पाच मिनिटं पुरे.

आता फोन. रात्री जेवण झालं की तो आईच्या उशाशी ठेव. बाजारभावाचा ग्रुप, भरतीचा ग्रुप आणि मित्रांचे स्टेटस यांतलं काहीही रात्रीतून बदलत नाही. मित्राला अभिनंदनाचा मेसेज उद्या टाकलास तरी तो रागावणार नाही.

यापुढचं जरा अवघड आहे. कोणाशी तरी बोलायचं. गावात बोलायला माणसं खूप, पण पारावर एक शब्द काढला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला तुझ्या यादीची बातमी. त्यामुळे पोरं गप्प बसतात आणि घरचे 'जेवला का?' यापलीकडे विचारत नाहीत. त्यांनाही दुसरं काही विचारायचं सुचत नाही, बापू. तुझे बाबा त्या दिवशी तुझ्यावर ओरडले तेव्हा सोयाबीनची पट्टी त्यांच्याही खिशात होती, एवढं लक्षात ठेव. म्हणून एकच माणूस निवड. आणि समोरासमोर बसून बोलता येत नसेल तर बसू नकोस. कापूस वेचायला जा, शेजारची पात धर. हात बोंडांत असले, नजर झाडावर असली की जे घरात तोंडातून निघत नाही ते निघतं. कितीतरी बायांची दुखणी मला दवाखान्यात कळली नाहीत, ती वेचणीच्या पातीत कळली. लांबलचक सांगायची गरज नाही. 'आज माझं काही ठीक नाही' एवढं म्हटलंस तरी पुरे. पुढचं समोरचा विचारेल, किंवा नाही विचारणार, पण त्याला माहीत असेल.

बोलायचंच नसेल तर संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बस. तुकडोजी महाराजांच्या नावानं गावोगावी चालते, तुमच्याकडेही मारुतीच्या देवळापाशी होते. तुझी श्रद्धा किती आहे हे मी विचारत नाही. तिथे चार माणसांत बसता येतं आणि कोणी 'यादीत नाव आलं का रे' म्हणत नाही, मला तेवढं पुष्कळ वाटतं. घरातलं एखादं लहान काम उरक, गोठा झाड किंवा तुटलेली खाट विण. अभ्यासाचं पुस्तक त्या दिवशी नाही उघडलं तर जग बुडत नाही. पण दुसऱ्या दिवशी उघड. मी लाड करते आहे असं समजू नकोस.

एक फरक मात्र नीट समजून घे. हे सगळं वाईट दिवसासाठी आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज असंच वाटत राहिलं, झोप-भूक गेली, कशातच गोडी वाटेना, तर भाकर आणि आंघोळीनं भागणार नाही. मग ते दुखणं आहे आणि त्याला डॉक्टर आहेत. यवतमाळला जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आपण बीपीची गोळी घेतोच ना? १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीच्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट लागतो, चोवीस तास लागतो, मराठीत बोलतात. आणि जगूच नये असा विचार मनात आला, तर दोन आठवडे सोड, दोन मिनिटंही थांबू नकोस. भावाला उठव, एकटा राहू नकोस, तो नंबर लाव, मला फोन कर. रात्री कितीही वाजले असोत. माझ्या नोकरीत रात्रीच्या बाळंतपणांनी झोपेची सवय मोडली ती मोडलीच, त्यामुळे मी जागीच असते.

रविवारी मी घरी आहे. बटईचं आणि भरतीचं तेव्हा बघू. सातबारा, सोयाबीनची पट्टी आणि भरतीचे मागचे मार्क घेऊन ये, आणि जमलं तर बाबांनाही सोबत आण.

तुझी,
सिस्टर काकू