शेल छोटं हवंय, पण कुठलं?

प्रश्न: ताई, माझी स्क्रिप्ट लॅपटॉपवर मस्त चालते, पण डेबियनच्या सर्व्हरवर "[[: नॉट फाउंड" असा एरर येतो आणि थांबायचं सोडून ती पुढे जाऊन भलतीच फाइल उडवते. पहिल्या ओळीत #!/बिन/एसएच आहे. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) पाळणारं छोटं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) घेऊ की स्वतःच लिहू?

उत्तर: अरे, तुझ्या लॅपटॉपवर एसएच म्हणजे बहुतेक बॅश हे मोठं शेलच आहे, नाव बदलून बसलेलं. एसएच म्हणून हाक मारली तरी बॅश [[ (अट तपासायची पॉझिक्सबाहेरची पद्धत) आणि ॲरे (एका नावाखाली मूल्यांची यादी) गुपचूप चालवून घेतं, त्यामुळे चूक कळतच नाही. डेबियनवर २०११ पासून (उबुंटूवर तर २००६ पासूनच) एसएचच्या जागी डॅश नावाचं छोटं शेल असतं, आणि डॅशला [[ ही फक्त एक कमांड वाटते, ती सापडली नाही की १२७ हा एरर कोड परत येतो, इफ म्हणतं अट खोटी, आणि गाडी सरळ एल्समध्ये. तुझी फाइल तिथेच गेली बघ. ॲरे असता तर निदान सिंटॅक्स एरर देऊन जागेवर थांबलं तरी असतं.

म्हणून डॅशच टाक आणि स्क्रिप्ट त्याच्यावरच चालवून बघ. [[ च्या जागी [, == च्या जागी =, आणि इको -ई ऐवजी प्रिंटएफ, कारण डॅशचं इको ते -ई पण छापून टाकतं :) शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) पण एकदा फिरव. मात्र डॅश लोकल (फंक्शनपुरतं व्हेरिएबल) चालवून घेतं जे पॉझिक्समध्ये नाहीच, म्हणजे डॅशवर चाललं म्हणून सगळं स्टँडर्ड असं धरून बसू नको. रोज टाइप करायला बॅशच राहू दे, उगाच हाल कशाला.

स्वतः लिहायचं तर शिकायला जरूर लिही, सर्व्हरवर मात्र नको. फोर्क, एक्झेक, वेट (नवी चाइल्ड प्रोसेस काढणं, तिच्यात कमांड चालवणं, ती संपायची वाट बघणं) एका संध्याकाळी जमतं. सीडी (फोल्डर बदलायची कमांड) बाहेरची कमांड म्हणून चालवलीस तर चाइल्डचा फोल्डर बदलेल, तू तिथेच, म्हणून ती शेलच्या आतच लागते. पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना) पॅरेंटने, म्हणजे शेलने, लिहायचं टोक बंद केलं नाही तर वाचणारा वाट बघत अडकून राहतो, हे माझ्याकडून दोनदा झालंय. खरा घाम पार्सिंगला, म्हणजे टाइप केलेली ओळ उलगडायला, फुटतो: आधी व्हेरिएबल उलगडायचं, मग स्पेसवर तुकडे, मग * ची फाइलनावं, सगळ्यात शेवटी कोट्स काढायचे, आणि कोट्समधल्या व्हेरिएबलचे तुकडे करायचेच नाहीत. हा क्रम चुकला की नावात स्पेस असलेली पहिली फाइल आली की संपलं. जॉब कंट्रोलला (चालू कमांड थांबवणं, मागे-पुढे आणणं) आत्ता हात लावू नको.