वाड्याला आधी कोरडं कर

चि.,
अनेक आशीर्वाद.

निपाणीकडचा पणजोबांचा बंद वाडा उभा करायचा म्हणतोस. फोटो पाहिले. माडी खचलीय, कमानीत पिंपळ आलाय, पण जोतं आणि सोप्याचे खांब ओळंब्यात दिसतात. वाडा वाचेल.

रंग, फरशी, दिवे यांचं नाव इतक्यात काढू नकोस. वाडा खातं ते पाणी. दिवाळीनंतर हात घातलास तर मेअखेरपर्यंत मोकळा वेळ मिळतो, तेवढ्यात छप्पर, पन्हळी आणि जोत्याभोवतीचा निचरा एवढंच पुरं कर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात, त्यावरून तूट काढ. जुन्या-नव्यांची सरमिसळ नको, खाचा जुळत नाहीत आणि नेमकी तिथूनच गळती लागते. रस्त्याकडच्या उतारावर सगळी जुनी घाल, परसाकडे सगळी नवी.

डांबरीकरणाने रस्ता वर येत जातो आणि जोत्याचे खालचे थर मातीत जातात. ती माती काढून बाहेरच्या बाजूला उताराची गटार दे. भिंतीला लागून काँक्रीटचा पट्टा मात्र ओतू नकोस. जमिनीतली ओल बाजूने सुटत नाही, मग ती भिंतीतून वर चढते.

गिलाव्यातही हाच घोटाळा होतो. मेस्त्री सांगेलच, "सिमेंट घाला, मजबूत होतंय." त्याचं ऐकू नकोस. आतली भिंत माती-विटांची, तिला ओल बाहेर टाकायला वाट लागते. सिमेंटने ती वाट बुजते, क्षार मागे साठतात आणि काही वर्षांनी पापुद्रा सुटतो तो विटेचा चेहरा घेऊनच. तोवर भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजलेली असतात.

कळीचा चुना, म्हणजे भट्टीतला न विझलेला चुना, पाण्यात विझवून, चाळून निदान 15 दिवस पाण्याखाली मुरू दे, महिनाभर मुरला तर फारच छान. एक माप चुन्याला तीन मापं धुतलेली, खरखरीत वाळू. न्हाणीघरासारख्या ओलीच्या जागी वाळूतला काही भाग कमी करून विटांची सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, घाल. एक थर 10 मिलिमीटरच्या आत ठेव, त्याच्यावर ऊन पडू देऊ नकोस आणि आठवडाभर ओली गोणपाटं लाव. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्यासाठी त्याला ओलावाही हवा. भरभर सुकला की नुसती भुकटी उरते. नखाने ओरखडून बघ. पीठ पडलं तर तो थर खरवडून पुन्हा कर, वर सफेदी मारून झाकू नकोस. पांढऱ्या मातीच्या भिंतींना भुसा घातलेल्या मातीचाच गिलावा बरा.

तुळईवर हातोडी मारत जा. निबर लाकूड खणखणतं, कुजकं बद्द वाजतं. भिंतीत गेलेल्या टोकात सळई टोचून बघ, सड बहुधा तिथेच हातभर असते. तेवढंच कापून जुन्या सागवानाचा सांधा दे, अख्खी तुळई बदलायची घाई सुताराला असते, तुला नको. टोकाभोवती दोन बोटं पोकळी सोड, वारा खेळला पाहिजे. कापण्याआधी तुळईखाली फळीवर उभा केलेला टेकू लाव. खचलेली माडी जॅकने उचलायची तर दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुरे, जास्त ताणलीस तर वरचे सांधे उकलतात.

पिंपळ ओढून काढू नकोस, दगड सोबत येतील. बुंधा कापून मुळं वाळू दे, मग त्या जागेचे दगड क्रमांक घालून उतरव, मुळं साफ कर आणि चुन्यात पुन्हा बसव.

कागदांचंही आत्ताच बघ. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, त्याआधीचे मोडीतही असू शकतात. आता तो कर्नाटकात, म्हणून मालकीचा आजचा उतारा कन्नडमध्ये. सगळ्या हिस्सेदारांची नावं जुळवून लेखी संमती घे, त्याशिवाय कौल हलवू नकोस.

सागवान घेण्याआधी तुळयांची लांबी, जाडी आणि टोकांचे जवळून काढलेले फोटो पाठव. किती टोकं खरंच बदलावी लागतील ते बघून सांगतो.