पायथनमध्ये * हा नमुना नको त्या फाइली का पकडतो, आणि ‘कुऱ्हा’ गावाची फाइल का सोडतो?

तुम्ही जिनिंगच्या काट्यावरच्या कापसाच्या नोंदी ‘नोंदी/तालुका/गाव-साल.सीएसव्ही’ अशा ठेवल्या आहेत. ‘नोंदी/*/*.सीएसव्ही’ हा नमुना एफएनमॅचला (नाव नमुन्याशी जुळतं का ते पाहणारं फंक्शन) दिला की ‘नोंदी/तिवसा/जुने/’ मधल्या फाइलीही येतात, आणि ‘कुऱ्हा-*’ दिलं तर फाइल डोळ्यांसमोर असून लागत नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ती रोमनमध्येच टाका.

पहिलं सोपं आहे. एफएनमॅचला मार्ग म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याच्या लेखी / हेही एक साधं अक्षर, म्हणून * ते गिळून पुढे जातो. फाइली डिस्कवर असतील तर ग्लॉब (नमुन्याला लागणाऱ्या फाइली डिस्कवर शोधणारं फंक्शन) वापरा, तिथे * एका फोल्डरच्या पुढे जात नाही. खालचे सगळे थर हवे असतील तर ** लिहा आणि सोबत रिकर्सिव्ह=ट्रू द्या. ते विसरलात तर ** गुपचूप * सारखाच वागतो, एरर येत नाही.

मार्गांची नुसती यादी असेल, म्हणजे झिपमधली किंवा डेटाबेसमधली, तर नमुना आणि मार्ग दोन्ही / वर तोडा. तुकड्यांची संख्या सारखी हवी आणि प्रत्येक जोडी एफएनमॅचकेसने जुळायला हवी. साधं एफएनमॅच विंडोजवर लहान-मोठी रोमन अक्षरं एकच धरतं, लिनक्सवर धरत नाही, म्हणून मी ते टाळतो. नमुन्यात ** आला तर आधी तो वगळून उरलेला नमुना त्याच मार्गाशी जुळवून पाहा. नाही जुळला तर मार्गाचा पुढचा एक तुकडा गाळा, ** तसाच ठेवा आणि पुन्हा जुळवा. पायथन ३.१३ किंवा त्यापुढचं असेल तर पाथलिब या मॉड्यूलमधलं फुल_मॅच हे काम करून देतं. पाथलिबमधल्याच जुन्या मॅचवर विसंबू नका: सापेक्ष नमुना ते उजवीकडून जुळवतं, त्यामुळे ‘तिवसा/*.सीएसव्ही’ला ‘बॅकअप/तिवसा/’ मधल्या फाइलीही लागतात.

आता कुऱ्हा. खरी मेख इथे आहे. स्क्रीनवर अगदी सारखं दिसणारं हे नाव तीन प्रकारे साठलेलं असू शकतं. आस्की(नाव) छापून पाहा, प्रत्येक मराठी चिन्हाचा युनिकोड क्रमांक दिसेल. ०९३१ दिसलं तर थेट ऱ आहे. ०९३० च्या लगेच नंतर ०९३सी दिसलं तर र आणि नुक्ता सुटे आहेत. ०९३०, ०९४डी, २००डी असा क्रम दिसला तर र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह आहे. कोणत्या कीबोर्डवर टाइप केलं, त्यावर हे ठरतं. युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ ‘एनएफसी’ (सुटी चिन्हं जोडून एक करणारा प्रकार) देऊन चालवलं की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी र + हलन्त + जोडचिन्ह हे त्रिकूट शोधून त्या जागी ऱ + हलन्त घाला. नुसतं जोडचिन्ह काढलंत तर ऱ्ह चा र्ह होतो, म्हणजे नावच बदलतं.

ही सफाई नमुना आणि मार्ग दोघांवरही करा, पण फाइल उघडताना मूळ नावच वापरा. लिनक्स नावाचे बाइट जसेच्या तसे ताडतं, साफ केलेल्या नावाने फाइल सापडणार नाही.

देवनागरीत ? सुद्धा जपून वापरा. तो एक युनिकोड चिन्ह पकडतो, अक्षर नाही. ‘वणी’ आपल्याला दोन अक्षरी, पण व, ण आणि वेलांटी मिळून चिन्हं तीन, म्हणून ‘??-२०२४*’ला तिची फाइल लागत नाही. आणि गावाचं नाव ‘पिंपरी [बु]’ असं चौकोनी कंसात असेल तर नमुन्यात त्या कंसाचा अर्थ ‘यांपैकी एक चिन्ह’ असा होतो. अशी नावं नमुन्यात घालण्याआधी ग्लॉबच्या एस्केपमधून काढा. गोल कंसाला काही होत नाही.

ग्लॉबची यादी ठरावीक क्रमाने येत नाही, तेव्हा सॉर्ट करा. आणि एकही फाइल न लागल्यास ते रिकामी यादी देऊन मोकळं होतं. म्हणून बेरीज करण्याआधी तालुकावार फाइलींची संख्या छापा, आणि कुठे शून्य आलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.