वारा पाठीशी, तरी होडी मागे

प्रश्न : मी मुंबई बंदरात इल्का 6 (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) शर्यती खेळते. वाऱ्यावर चढताना पुढे असते, पण वारा पाठीशी आला की मागच्या होड्या गाठतात. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही बहुधा बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) होडीशी काटकोनात थांबवता. इल्काच्या डोलकाठीला बाजूने आधाराचे दोर नसतात, म्हणून बूम आणखी पुढे सोडा. वारा शिडाच्या मागच्या कडेकडून आत शिरू लागला की होडी वाऱ्याच्या बाजूला किंचित कलवा. सुकाणू हातात हलकं लागेल. वँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) थोडा सैल, डॅगरबोर्ड (होडीखाली पाण्यात उतरणारी फळी) अर्धा वर. लाट मागून उचलते त्या क्षणी शीड एकदाच ओढा. शिडाच्या शर्यतींच्या नियम 42 नुसार एका लाटेला एकच ओढ चालते. हे मनापासून घोटा, बंदरातल्या आखूड लाटांत फार मिळतं.

वाऱ्याचा बाण (वारा कुठून येतो ते दाखवणारा होडीवरचा दर्शक) मागच्या होडीकडे रोखलेला दिसला, तर ती तुमचा वारा खाते आहे. लगेच बाजूला सरा, मधल्या घोळक्यात थांबू नका.

खालच्या बोयाभोवतीचा (वारा पाठीशी घेऊन जिथे पोचून वळसा घालायचा, त्या तरंगत्या खुणेभोवतीचा) झोन तीन होडीलांबींचा, म्हणजे इल्कासाठी साडेबारा मीटरच्या आसपास. पहिली होडी त्यात शिरताना तुमचा आतून ओव्हरलॅप असेल (म्हणजे बोयाच्या बाजूला तुम्ही दुसऱ्या होडीच्या पूर्ण मागे नसाल), तर बाहेरच्यांनी जागा द्यायलाच हवी.